दारावरचा अर्धचंद्र

दारावर नावाची पाटी लावणे हे वास्तविक अर्ध्या तासाचे काम आहे. दोन भोके, दोन स्क्रू आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेले ड्रिल मशीन एवढी सामग्री जमली, की कोणताही गृहस्थ ते उरकून वेळेवर जेवायला बसू शकतो. काटकोनकाकांना या कामास सदतीस दिवस लागले, आणि त्यांतला एकही दिवस वाया गेला असे त्यांना आजही वाटत नाही.

'काटकोन' हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. तंत्रनिकेतनातून पहिल्या वर्गात पदविका घेऊन ते यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आरेखन विभागात लागले आणि त्याच विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मधल्या छत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही रेघ विनाकारण तिरकी गेली नाही. हाताखालच्या मंडळींनी पाठीमागे ठेवलेले हे नाव एक दिवस त्यांच्या कानांवर गेले, तेव्हा आता काय होते म्हणून सगळा विभाग माना खाली घालून बसला. काकांनी फक्त विचारले, "नव्वद अंशांचा ना?" आणि कोणीतरी चाचरत 'हो' म्हटल्यावर समाधानाने चहा मागवला. तेव्हापासून घरीदारी तेच नाव रूढ झाले.

पाटीचा विषय निघाला तो सूनबाईमुळे. चिरंजीवांनी दुसऱ्या देशातली, दुसऱ्या भाषेतली मुलगी पसंत केली होती. ती जुनी पुस्तके दुरुस्त करायची. वाळवीने खाल्लेली, पाण्याने फुगलेली, कणे मोडलेली पुस्तके तिच्याकडे येत आणि धडधाकट होऊन परत जात. काकांना ही गोष्ट मनापासून आवडली. घरात कानस आणि चिमटा यांचा आदर करणारे आणखी एक माणूस येणार होते. लग्न इकडच्याच कचेरीत नोंदवायचे ठरले, आणि तिथे ते चिन्ह प्रथम काकांच्या नजरेस पडले.

सूनबाईच्या आडनावातल्या दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर एक बारीकशी खूण असते. कारकुनाने दाखला छापून दिला त्यात ती नव्हती. सूनबाईने ते नम्रपणे दाखवले. कारकून म्हणाला, की आमच्या कीबोर्डावर जे नाही ते दाखल्यावर येणार नाही. मग तिने आपल्या पेनाने ती खूण दाखल्यावर काढली; त्याबरोबर कारकुनाने खाडाखोड झाली म्हणून दाखला रद्द करून सगळ्यांना पुन्हा रांगेत उभे केले. दुसरा दाखलाही बिनखुणेचाच आला. या खेपेस सूनबाईने तो मुकाट्याने घडी करून पिशवीत ठेवला.

बाहेर पडल्यावर काकांनी विचारले, तेव्हा तिने सांगितले, की त्या खुणेसह आडनावाचा अर्थ होतो 'पहाट', आणि खूण गाळली की होतो 'चाळणी'. सगळे हसले. तीही हसली. पण ती सगळ्यांच्या नंतर हसायला लागली आणि सगळ्यांच्या आधी थांबली, हे अंतर काकांच्या नजरेने मोजले. अर्धा मिलिमीटरही ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांच्या नजरेतून एवढे कसे सुटावे?

लग्नानंतर दोघे परत तिच्या देशी गेले; पुढे ते इकडेच कायमचे राहायला येणार असे पत्र आले आणि त्याच दिवशी काकांनी जाहीर केले, की दारावर नवी पाटी लागेल. वरच्या ओळीत घराण्याचे नाव आपल्या लिपीत, आणि खाली सूनबाईचे संपूर्ण नाव तिच्या लिपीत, खुणेसकट. अक्षरांचे वळणही त्यांनी निवडून ठेवले होते. तिने दुरुस्त केलेल्या एका पुरातन ग्रंथाचे मुखपृष्ठ असलेले चित्रकार्ड तिने पाठवले होते. पहिल्या अक्षराला वेली, वेलींवर पक्षी आणि बाकीची अक्षरे भरतकाम केल्यासारखी. अगदी तस्सेच हवे होते.

काकू म्हणाल्या, "साधी पाटी लावा की. ती काय नाव वाचायला येतेय? राहायला येतेय."

"राहायला येणाऱ्याचं नाव दारावर चुकलं, तर तो पाहुणा ठरतो," काका म्हणाले, आणि मोजपट्टी घेऊन दाराकडे गेले.

काकूंनी पुढे वाद घातला नाही. तेहेतीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढे कळले होते, की काका मोजपट्टी घेऊन उठले की जगात दोनच गोष्टी त्यांना थांबवू शकतात: भिंत आणि जेवण.

कोपऱ्यावरच्या जिन्याखाली डीटीपीचे दुकान होते. दुकानाचे मालक लग्नपत्रिकांपासून हरवलेल्या मांजरांच्या जाहिरातींपर्यंत सगळे जुळवून देत आणि आपल्या संगणकात चार हजार फॉन्ट आहेत असे प्रत्येक गिऱ्हाइकाला दुसऱ्या वाक्यात सांगत. काकांचे चित्रकार्ड पाहून ते खुलले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्या चार हजारांपैकी तीन हजार नऊशेव्या फॉन्टाची चौकशी केली होती. अर्ध्या तासात तो सापडला. वेली होत्या, पक्षी होते, भरतकाम होते. मालकांनी सूनबाईचे नाव उतरवायला घेतले. पहिले अक्षर असे काही उमलले, की काकांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या अक्षराच्या जागी मात्र एक रिकामा चौकोन आला.

"हे काय?" काकांनी विचारले.

"हे म्हणजे नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे अक्षरच नाही, साहेब. फॉन्ट करणाऱ्यानं नुसती साधी अक्षरं केलीत. खुणांची केलीच नाहीत. सुंदर फॉन्टांचं असंच असतं. पोशाख भारी, खिशात काही नाही."

पाचशे वर्षांपूर्वीची वळणे ज्याने शोधून काढली, एकेका वेलीवर चोचीसकट पक्षी बसवला, त्या माणसाला एका अक्षराच्या डोक्यावर एक खूण द्यायला सवड झाली नाही, हे काकांना पटेना. चार काटकोनांचा एकत्र राग येण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

मालकांनी मग ते एक अक्षर दुसऱ्या फॉन्टातून, खुणेसह, आणून बसवले. परिणाम असा झाला, की ठेवणीतले कपडे घालून काढलेल्या कुटुंबाच्या फोटोत एक जण बनियनवर येऊन उभा राहावा. काकांनी नुसती मान हलवली.

दरम्यान इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. शेजारच्या निवृत्त टायपिस्टबाईंनी जिन्यातच थांबवून सांगितले, की यात अडचण काहीच नाही. आमच्या मशीनवर आम्ही अक्षर मारायचो, एक घर मागे यायचो आणि त्याच्या डोक्यावर दुसरी खूण मारायचो. काकांनी हा निरोप दुकानात पोचवला. मालकांनी तो करूनही पाहिला. खूण शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर जाऊन बसली, आणि ते अक्षर तिला काही केल्या सोडेना. समोरच्या वकिलांनी कायदेशीर बाजू मांडली, की लग्नानंतर आडनाव बदलून टाकले तर हा प्रश्न मुळातच निकाली निघतो. काका म्हणाले, की प्रश्न अक्षराचा आहे, माणूस निकाली काढायचा नाही. वरच्या मजल्यावरून कोणीतरी सुचवले, की खूण एवढी बारीक असेल तर पाटी जरा उंच लावावी, म्हणजे ती नाही हे कोणाला दिसणार नाही. या शेवटच्या सूचनेवर काका दोन दिवस कोणाशीच बोलले नाहीत.

तोडगा अखेर दुकानाच्या मालकांनीच काढला. एक दिवस काका आत शिरताच ते खुर्चीवरून उठले.

"साहेब, आपण उगाच जगभर शोधतोय. ही खूण आपल्याकडेच आहे की. 'बॅट'वरचा अर्धचंद्र."

काकांनी कार्ड उलटून धरले. खरोखरच, चित्रकार्डाच्या मागे सूनबाईची सही होती तिच्यातली खूण पाहिली, तर वर उघडी, खाली टेकलेली, इवलीशी वाटी. लहानपणापासून ज्याने मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि रफार मानगुटीवर घेऊन अक्षरे गिरवली, त्या माणसाला डोक्यावर खूण असलेल्या एका अक्षरापुढे हात टेकायची वेळ यावी, याची काकांना आता लाजच वाटली. मालकांनी आपल्या लिपीतल्या एका ठसठशीत फॉन्टातून अर्धचंद्र उचलला, खालचे 'ब' झटकून तो एकटाच परक्या अक्षराच्या डोक्यावर ठेवला, आणि तो तिथे जन्मापासून असल्यासारखा शोभू लागला.

अडचण एवढीच उरली, की पहिल्या अक्षराची एक वेल लांबत जाऊन नेमकी दुसऱ्या अक्षराच्या वर झुलत होती आणि तिच्यावरचा पक्षी अर्धचंद्राला चोच मारत होता. आता मात्र काम काकांच्या हातांत आले. त्यांनी घरी ड्रॉइंग बोर्ड काढला आणि पाच कागद तयार केले. पाटीचे समोरून दिसणारे रूप, बाजूने दिसणारे रूप, आडवा छेद, पक्ष्याची सुधारित बैठक आणि अर्धचंद्राचा दहापट मोठा तपशील. अक्षरे पितळेवर उठावाची हवी होती. अर्धचंद्राची जाडी त्यांनी अडीच मिलिमीटर धरली. इतर अक्षरांची होती दीड. ऊन, वारा आणि काकूंचे पुसणे यांमुळे होणारी तीस वर्षांची झीज त्यांनी हिशेबात घेतली होती.

पितळी पाट्या कोरून देणारे गृहस्थ वयाने काकांच्याच बरोबरीचे होते आणि त्यांनाही आपल्या नजरेचा अभिमान होता. एका इमारतीत दोन हट्टी माणसे असली की चालते. एका पाटीवर दोन असली की काय होते, ते आठव्या दिवशी कळले. पाटी देखणी झाली होती. वेली होत्या, पक्षी शहाण्यासारखा बाजूला सरकून बसला होता. फक्त अर्धचंद्र नव्हता.

"तो वरचा कचरा होता ना, तो काढून टाकला मी," कोरणारे सांगू लागले. "झेरॉक्समध्ये कधीकधी केस येतो. तुमच्या पाचव्या कागदावर तर मिशीच आली होती."

यावर काकांनी दिलेले व्याख्यान तंत्रनिकेतनात दिले असते तर दोन तासिका पुरल्या नसत्या. आरेखनातली कोणतीही रेघ कचरा नसते, कचरा वाटली तर विचारावे, विचारायला संकोच वाटला तर पुन्हा विचारावे, असा त्याचा मथितार्थ होता. कोरणाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, की मिशी असेल तर मिशी, पण जरा बारीक करा. एवढी जाड बरी दिसत नाही. काकांनी नकार दिला. दुसरी पाटी मिशीसह झाली. पहिली काकूंनी गरम भांड्याखाली ठेवायला घेतली आणि या सगळ्या उद्योगातून घराला प्रथमच काही उपयोग झाला असे नमूद केले.

पाटी हातात आली, पण दारावर लागली नाही. मध्ये इमारतीचे चिटणीस आडवे आले. ते स्वभावाने वाईट नव्हते. नियमावली त्यांनी स्वतः लिहिली होती, एवढाच त्यांचा दोष. पूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्यांनी पाटीवर बाण काढला होता आणि त्या बाणाच्या आधाराने चालत निघालेले विद्यार्थी थेट वकिलांच्या न्हाणीघरापर्यंत पोचले होते. तेव्हा नियम अकरा जन्माला आला: पाटीवर अक्षरांखेरीज कोणतेही चिन्ह नसावे.

काकांनी विचारले, की मग या वेली आणि हे पक्षी?

"ती नक्षी झाली. नक्षीला आमची हरकत नाही," चिटणीस म्हणाले. "हे वरचं मात्र चिन्ह आहे. ते अक्षर नाही, अक्षराच्या वर आहे."

प्रकरण समितीपुढे गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाचही कागद बरोबर नेले. समितीच्या खोलीत सात खुर्च्या, एक गळका वॉटर कूलर आणि भिंतीवर मागल्या आठवड्यातली सूचना होती. काकांनी कागद उघडलेच नाहीत. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी ती सूचना मोठ्याने वाचली: "लिफ्ट बंद राहिल्याबद्दल समितीला खंत वाटते." मग 'खं'वरच्या टिंबावर त्यांनी करंगळी ठेवली.

"हे चिन्ह आहे. अक्षराच्या वर आहे. नियम अकराप्रमाणे मी ते झाकलंय. आता वाचा."

टायपिस्टबाईंनी, ज्या समितीच्या सदस्य होत्या आणि ज्यांना हसू दाबता येत नव्हते, स्पष्ट उच्चारात वाचले, की लिफ्ट बंद राहिल्याबद्दल समितीला खत वाटते.

वकिलांनी वॉटर कूलरकडे तोंड फिरवले. खजिनदार टेबलाखाली पडलेले काहीतरी शोधू लागले. चिटणीस मात्र हलले नाहीत; त्यांनी घसा खाकरून ठरावाचा मसुदा सांगायला सुरुवात केली. काका घरी आले ते लहानपणी बक्षीस घेऊन यावे तसे, ठरावाची प्रत छातीशी धरून. त्याच संध्याकाळी पाटी दारावर लागली, पाणसळ लावून, बुडबुडा अगदी मधोमध. सूनबाई येण्याला दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी तो ठराव सहज हातात घेतला. वाचता वाचता त्या आधी हसल्या, मग भिंतीला टेकल्या आणि शेवटी खुर्ची ओढून बसल्या. काकांनी कारण विचारले. काकूंनी कागदच पुढे केला. त्यावर चिटणिसांच्या भारदस्त भाषेत लिहिले होते: 'सदर सभासदाने आपल्या सुनेस दारावर अर्धचंद्र देण्यास समितीची हरकत नाही.'

"अहो, ती यायच्या आधीच तुम्ही तिला अर्धचंद्र दिलात," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तोही समितीच्या परवानगीनं."

मानगूट धरून दाराबाहेर काढण्याला आपल्या भाषेत जे म्हणतात, तेच आपण सदतीस दिवस मापे घेऊन, जाडी वाढवून पितळेत ओतले, हे काकांच्या ध्यानात आले. पण तो शब्दांचा खेळ होता, आणि शब्दांच्या खेळाने डगमगणाऱ्यांतले काका नव्हते. सूनबाईला काही हा वाक्प्रचार ठाऊक नसणार. ते फक्त खात्री करून घ्यावी म्हणून आत गेले, चित्रकार्ड काढले आणि सहीवर भिंग धरले.

सही घाईची होती. त्यांनी कार्ड उलटून मुखपृष्ठ पाहिले. त्या पुरातन छापील अक्षरांत तीच खूण सात ठिकाणी होती. सातही ठिकाणी तळाशी टोक होते. वळण नव्हते, वाटी नव्हती. दोन सरळ रेघा एका बिंदूत मिळत होत्या.

तो कोन होता.

काकांनी भिंग खाली ठेवले. ज्याला सगळे जग काटकोन म्हणते, त्याने सदतीस दिवसांत एकदाही कोन ओळखला नव्हता. दुकानातल्या पडद्यावर ती खूण आली होती, तेव्हा नुसता फॉन्ट पाहिला. सही पाहिली, पण आपल्या लिपीच्या डोळ्यांनी पाहिली. अर्धचंद्र दिसावा असे मनात होते, म्हणून अर्धचंद्र दिसला. कोरणाऱ्यांना कचरा दिसला, चिटणिसांना चिन्ह दिसले, आणि आपण त्यांना हसलो. फरक एवढाच, की त्यांनी कोणी पाच कागद काढले नव्हते.

"गोल काय आणि टोकदार काय, तिला कळणार पण नाही," काकू आता हसायच्या थांबल्या होत्या.

"तिला कळेल. ती काहीच बोलणार नाही. घडी करून पिशवीत ठेवेल."

काकूंनी फोन आणून दिला. कोरणाऱ्यांना फोन लावला, तर ते भाचीकडे गावाला गेलेले. चार दिवसांनी या म्हणाले, आणि मिशीचे कसे काय चालले आहे असेही त्यांनी विचारले. सूनबाई उद्या संध्याकाळी दारात उभी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पाटी उतरवली, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून तिच्यावर ठेवली आणि कपाटाच्या वरच्या खणातून मखमलीचे अस्तर असलेली पेटी काढली. निवृत्तीनंतर ती उघडली नव्हती. सुईएवढ्या बारीक कानशी ओळीने निजल्या होत्या. उठावाच्या अक्षराचा एक गुण असतो, की त्यातून काढता येते. घालता मात्र येत नाही. अडीच मिलिमीटर जाडीच्या त्या मिशीत एक सडपातळ कोन लपलेला होता. तो बाहेर काढायला एक मिलिमीटर जागा होती आणि एकही चूक करायला नव्हती.

काकूंनी न सांगता भिंग धरले. काकांनी कानस उचलली, खाली ठेवली, हात चादरीवर पुसला आणि पुन्हा धरली. आधी बाहेरचे वळण सरळ झाले, मग आतले. पितळेची सोनेरी पूड चादरीवर साठत गेली. दुपारचे जेवण झाले नाही. टेबलच मोकळे नव्हते. तळाशी टोक येऊ लागले तेव्हा काकांना वाटले, की अजून एकदा, फक्त एकदा कानस फिरवावी.

"थांबा आता," काकू म्हणाल्या. "आलं ते."

छत्तीस वर्षे कोणाच्या सांगण्यावरून न थांबलेले काका थांबले. भिंगातून पाहिले. मग पेटीतला काटकोन तपासायचा लहानसा गुण्या काढून त्यांनी तो त्या खुणेच्या आत अलगद टेकवला. दोन्ही कडा बसल्या. नव्वद अंश. ठरवून केले नव्हते. हाताने आपल्या सवयीने केले होते. काकूंनी गुण्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले आणि चहा ठेवायला गेल्या.

संध्याकाळी लिफ्ट चालू होती, याची नोंद व्हायला हवी. चिरंजीव दोन्ही हातांत बॅगा घेऊन पाटीजवळून सरळ आत गेले. दारावर काय आहे हे पाहण्याची त्यांना लहानपणापासून सवय नाही. सूनबाई मात्र उंबऱ्यापाशी थांबली. तिने वरची ओळ वाचली, खालची वाचली. मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवून तिने आपला अंगठा त्या खुणेवर फिरवला, फाटक्या पानाची कड तपासावी तसा.

"बाबा, हे मशीननं नाही झालं," ती म्हणाली. तिचे मराठी सावकाश होते, शब्द एकेक तपासून ठेवल्यासारखे. "हे हातानं केलंय. आजच."

"किंचित डावीकडे गेलंय," काका म्हणाले. "पाव मिलिमीटर."

सूनबाई पाटीकडेच बघत होती. तिने सांगितले, की तिच्या माहेरच्या दारावरची पाटीही छापून आली ती खुणेवाचूनच. तिचे वडील पेनाने खूण काढायचे. पाऊस आला की जायची. ते पुन्हा काढायचे. शाळेतून येताना ती लांबूनच बघायची, आज घर 'पहाट' आहे की 'चाळणी'.

"त्यांची नेहमी उजवीकडे जायची," ती म्हणाली, आणि या खेपेस ती सगळ्यांच्या आधी हसली. मग पिशवी उचलून आत आली.

काका दारात उगाचच थोडा वेळ उभे राहिले. पाणसळ पुन्हा लावून पाहण्याची काहीएक गरज नव्हती. त्यांनी लावली.

तिसऱ्या दिवशी चिटणिसांची नोटीस आली. समितीने मंजूर केला होता तो अर्धचंद्र. दारावर आढळला तो कोन. मंजूर आकारात परस्पर फेरफार झाल्याने सभासदाने सात दिवसांत खुलासा करावा, असे तिच्यात म्हटले होते. काकांनी ती दोनदा वाचली. ज्या इमारतीत निदान एका तरी माणसाला वाटी आणि कोन यांतला फरक न सांगता दिसतो, तिथे आपण राहतो, याचे त्यांना उलट समाधान वाटले. खुलासा लिहिण्यासाठी त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर सहावा कागद लावला.

सूनबाईने ती नोटीस वाचायला मागितली. मराठी वाचनाचा सराव म्हणून जे हाती लागेल ते ती वाचत असे. बोट ठेवून, अक्षर न् अक्षर लावत ती शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि अडली.

"बाबा, खत म्हणजे झाडांना घालतात ते ना?"

"हो. का?"

"'ही नोटीस द्यावी लागत असल्याबद्दल समितीला खत वाटते.'"

काकांनी चष्मा लावून पाहिले. प्रिंटरची शाई संपत आली असावी. टिंब उमटलेच नव्हते. स्वयंपाकघरातून काकूंच्या हातून काहीतरी निसटून पडल्याचा आवाज आला. काकांनी अर्थ समजावून सांगायला तोंड उघडले, पण वरती टिंब हवे होते एवढे म्हणताच सूनबाईने मान डोलावली. तिला पुढचे ऐकायची गरज नव्हती. तिने आपल्या पिशवीतून पेन काढले, नोटीस टेबलावर सपाट केली आणि श्वास रोखून 'ख'च्या डोक्यावर एक टिंब दिले. गोल, काळेभोर, शिरोरेषेच्या वर अगदी मधोमध.

काकांनी भिंग मागवले. पाहिले. पाव मिलिमीटरही इकडे तिकडे नव्हते.

"आता नेऊन द्या त्यांना," ती म्हणाली. "शब्द बरोबर केलाय."

आणि काटकोनकाका पायजम्यावर इस्त्रीचा शर्ट चढवून, नोटीस छातीशी धरून, स्वतःच्या दारावरच्या पाटीकडे एकदा मान वर करून बघत, लिफ्ट चालू असूनही जिन्याने, प्रत्येक मजल्यावर थांबत खाली निघाले.